यकृतातील जिवाणूजन्य गळू : निदान व उपचार (जासई परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मानवी शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी म्हणजे यकृत होय. प्रौढ व्यक्तीमध्ये तिचे वजन साधारणतः सव्वा ते दीड किलोग्रॅम असते. अन्नरसाचे पचन, साठवण व शुद्धीकरण यांसोबतच आतड्यातून रक्तात येणारे जिवाणू अडवून नष्ट करण्याचे कामही यकृत करीत असते. ही संरक्षक यंत्रणा अपुरी पडली, की यकृताच्या ऊतींमध्ये पू साचतो. यालाच यकृतातील गळू किंवा यकृतविद्रधी असे म्हणतात. हा पू अमीबा या एकपेशीय परजीवीमुळे निर्माण होतो किंवा जिवाणूंमुळे. बाह्यतः दोन्ही गळवे सारखी दिसत असली, तरी त्यांचे कारण, उपचार आणि धोका भिन्न आहेत.

प्रस्तुत लेखात जिवाणूजन्य गळवाचे निदान व उपचार यांचे विवेचन करण्यात आले आहे. आपल्याकडे यकृतातील गळू म्हटले की ते अमीबाचेच असणार, असा समज रूढ आहे. हा समज निराधार नाही. परंतु तो तपासून न घेतल्यास जिवाणूजन्य गळवाचा रुग्ण योग्य उपचारापासून वंचित राहतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्याकरिता तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे : गळू आहे काय? ते कोणाचे आहे? आणि ते कोठून आले?

ऐतिहासिक आढावा

शरीराच्या आत होणाऱ्या गळवाची जाण भारतीय वैद्यकात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अंतर्विद्रधीची जी स्थाने सांगितली आहेत, त्यांत यकृताचा समावेश आहे. यकृतातील विद्रधीमध्ये श्वासाचा त्रास होतो, असे निरीक्षण चरक व सुश्रुत या दोन्ही परंपरांत आढळते. यकृताच्या वरच्या भागातील गळू उरोदराच्या पडद्याला खालून चिथावते आणि त्यामुळे श्वास अपुरा पडतो, खोकला येतो, हे आजही दवाखान्यात दिसणारे वास्तव आहे.

एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश लष्करी डॉक्टर या रोगाला उष्ण कटिबंधातील गळू असे संबोधत. १८७५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लोश यांनी आमांशाच्या रुग्णाच्या मलात अमीबा पाहिला आणि पुढे इजिप्तमध्ये कार्टुलिस यांनी यकृतातील पुवात तो दाखवून दिला. १९१२ मध्ये कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी इमेटिनच्या इंजेक्शनांचा उपयोग सिद्ध केला. १९६६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथून मेट्रोनिडाझोल या औषधाचा गुण प्रसिद्ध झाला आणि अमीबाजन्य गळू बहुतांशी गोळ्यांनी बरे होऊ लागले.

जिवाणूजन्य गळवाचा इतिहास याहून वेगळा आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतील ऑक्सनर, डिबेकी व मरे यांनी केलेल्या अभ्यासात हा रोग प्रामुख्याने आंत्रपुच्छाच्या दाहाची गुंतागुंत म्हणून तरुणांत होत असल्याचे दिसून आले होते. त्या काळी पोट उघडून पू काढणे हाच मार्ग होता आणि मृत्यूचे प्रमाण फार मोठे होते. १९५३ मध्ये हाँगकाँगमधील मॅकफॅड्झीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुईने पू काढून प्रतिजैविके देण्याची पद्धत मांडली. सोनोग्राफी व सीटी स्कॅन उपलब्ध झाल्यानंतर हीच पद्धत जगभर प्रमुख उपचार ठरली. पूर्वी जवळजवळ हमखास प्राणघातक असलेला हा रोग आज वेळेवर उपचार मिळाल्यास बहुसंख्य रुग्णांत बरा होतो. यातील 'वेळेवर' हा शब्द महत्त्वाचा आहे.

जासई परिसराचा संदर्भ

पनवेल-उरण मार्गावरील जासई हे गाव लोकनेते दि. बा. पाटील यांचे गाव म्हणून आणि जानेवारी १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे महाराष्ट्राला परिचित आहे. भातशेती, मिठागरे व खाडीतील मासेमारी यांवर जगणारा हा परिसर सिडकोचे भूसंपादन, १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावाशेवा येथील बंदर आणि त्यानंतरची कंटेनर गोदामे यांमुळे झपाट्याने बदलला. अंगमेहनतीची जागा बैठ्या कामाने व पाळीच्या नोकरीने घेतली, की मधुमेहासारखे विकार वाढतात, हे सर्वत्र आढळून आलेले आहे. मधुमेह हा जिवाणूजन्य गळवाला पोषक ठरणारा एक प्रमुख घटक आहे. दुसरीकडे दूषित पाण्यातून पसरणारा अमीबाही अशा दाट वस्त्यांतून हद्दपार झालेला नाही. अर्थात, दोन्ही प्रकारची गळवे होण्यास अनुकूल परिस्थिती एकाच ठिकाणी उपस्थित आहे.

याखेरीज एक अडचण ऋतूची आहे. पावसाळ्यात रायगड जिल्ह्यात थंडी वाजून येणारा ताप म्हटले की हिवताप, डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस व विषमज्वर यांचा विचार प्रथम होतो आणि तो योग्यही आहे. परंतु या चारही तपासण्या नकारात्मक येऊन ताप चालूच राहिला, तर पुढे काय, हा प्रश्न अनेकदा अनुत्तरित राहतो. रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जातो, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन दिवसांची प्रतिजैविके घेतो, ताप थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. या काळात यकृतातील पू वाढत असतो.

रोगाची कारणमीमांसा

यकृताला दोन मार्गांनी रक्तपुरवठा होतो. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून, तर उर्वरित रक्त यकृत-रोहिणीतून येते. शिवाय पित्तनलिकांचे जाळे यकृताला लहान आतड्याशी जोडते. जिवाणू यकृतात पोहोचण्याचे मार्ग या रचनेवरून स्पष्ट होतात.

पहिला व आज सर्वाधिक आढळणारा मार्ग पित्तनलिकांचा होय. पित्तखडा, नलिकेचे आकुंचन किंवा अर्बुद यांमुळे पित्ताचा निचरा थांबला, की साचलेल्या पित्तात जिवाणू वाढतात व वर यकृतात शिरतात. दुसरा मार्ग पोर्टल शिरेचा; आंत्रपुच्छाचा दाह किंवा मोठ्या आतड्याचे विकार यांतून जिवाणू या मार्गाने येतात. तिसरा मार्ग रोहिणीचा. शरीरात अन्यत्र असलेल्या संसर्गाचे जिवाणू रक्तातून यकृतात रुजतात. चौथा मार्ग शेजारच्या अवयवाचा दाह किंवा इजा हा आहे. बऱ्याच रुग्णांत मात्र कोणताही मार्ग सापडत नाही. यकृताचा उजवा खंड मोठा असल्याने व पोर्टल शिरेतील बराचसा प्रवाह तिकडे वळत असल्याने गळवे उजव्या खंडात अधिक होतात.

या गळवांत इश्चेरिशिया कोलाय, क्लेब्सिएला न्यूमोनी, स्ट्रेप्टोकॉकस व एन्टेरोकॉकस हे जिवाणू तसेच बॅक्टेरॉइड्ससारखे प्राणवायूविना वाढणारे जिवाणू आढळतात. रक्तमार्गाने आलेल्या संसर्गात स्टॅफिलोकॉकस ऑरियस असू शकतो. आशियातील अनेक देशांत गेल्या काही दशकांत क्लेब्सिएलाचे प्रमाण वाढले आहे. १९८६ मध्ये तैवानमधील संशोधकांनी या जिवाणूच्या गळवासोबत डोळ्याच्या आत होणाऱ्या गंभीर संसर्गाची नोंद केली. असे रुग्ण बहुधा मधुमेही असतात आणि त्यांची दृष्टी जाण्याचा धोका असतो.

भातशेतीच्या परिसरात आणखी एका जिवाणूचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. ओल्या मातीत राहणारा बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय हा जिवाणू मेलिऑयडोसिस हा रोग घडवितो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कर्नाटकाच्या किनारी जिल्ह्यांत, त्याचे रुग्ण नोंदविले गेले आहेत. तो पावसाळ्यात व मधुमेहींमध्ये अधिक दिसतो आणि यकृत व प्लीहा या दोहोंत गळवे करतो. प्रयोगशाळेत हा जिवाणू स्यूडोमोनास समजून दुर्लक्षिला जाण्याची शक्यता असते. त्याचा उपचार अनेक महिने चालतो, म्हणून त्याची अचूक ओळख महत्त्वाची ठरते.

पहिला प्रश्न : गळू आहे काय?

ताप व थंडी, पोटाच्या उजव्या वरच्या भागात दुखणे, अन्नावरची वासना जाणे, वजन घटणे व अशक्तपणा ही या रोगाची प्रमुख लक्षणे होत. काही रुग्णांत दुखणे उजव्या खांद्यात जाणवते, तर काहींत कोरडा खोकला असतो. कावीळ थोड्याच रुग्णांत असते. ती असल्यास पित्तनलिकेतील अडथळ्याचा संशय घ्यावा. या टप्प्यावर काविळीचे गावठी औषध घेत आठवडे दवडणे धोक्याचे ठरते, कारण अडलेली नलिका औषधी पाल्याने मोकळी होत नाही. वृद्ध व मधुमेही रुग्णांत पोटदुखी नसतानाही गळू असू शकते, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी व सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढलेले, अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले आणि अल्ब्युमिन घटलेले दिसते. या तपासण्या संशय निर्माण करतात, निश्चित निदान करीत नाहीत. छातीच्या क्ष-किरण चित्रात उरोदराचा पडदा उजवीकडे वर उचललेला किंवा फुप्फुसाच्या आवरणात पाणी दिसल्यास तोही एक संकेत समजावा.

निर्णायक तपासणी सोनोग्राफीची आहे. ती तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध असते, स्वस्त आहे आणि बहुतेक गळवे तिच्यात दिसतात. सुरुवातीच्या दिवसांत, पू पातळ होण्यापूर्वी, गळू घट्ट गाठीसारखे भासू शकते. म्हणून संशय कायम असल्यास दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी पुन्हा करावी किंवा सीटी स्कॅन करावा. सीटी स्कॅनमध्ये लहान गळवेही दिसतात आणि आंत्रपुच्छ, पित्तनलिका किंवा आतडे यांतील मूळ कारणही अनेकदा त्याच तपासणीत सापडते.

दुसरा प्रश्न : ते कोणाचे आहे?

सोनोग्राफीत गळू दिसले, की मेट्रोनिडाझोल सुरू करून वाट पाहण्याची पद्धत आढळते. अमीबाजन्य गळवात ती बहुधा यशस्वी होते. परंतु मेट्रोनिडाझोल हे अमीबा व प्राणवायूविना वाढणारे जिवाणू यांच्यावरच प्रभावी आहे. इश्चेरिशिया कोलाय किंवा क्लेब्सिएला यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून एकट्या मेट्रोनिडाझोलवर ठेवलेला जिवाणूजन्य गळवाचा रुग्ण प्रत्यक्षात उपचाराविनाच असतो.

दोहोंतील भेद काही प्रमाणात रुग्णाच्या पार्श्वभूमीवरून कळतो. अमीबाजन्य गळू बहुधा तरुण वा मध्यमवयीन पुरुषांत, उजव्या खंडात व एकच असते. मद्यपानाशी त्याचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. त्यातील पू तपकिरी, चॉकलेटी रंगाचा व सहसा दुर्गंधीरहित असतो. जिवाणूजन्य गळू तुलनेने अधिक वयात, मधुमेह किंवा पित्तविकार असलेल्यांत, एक किंवा अनेक असते आणि त्यातील पू पिवळसर किंवा हिरवट, काही वेळा दुर्गंधीयुक्त असतो. परंतु ही केवळ अनुमाने आहेत. अमीबाच्या गळवात नंतर जिवाणूंचा शिरकाव होऊ शकतो आणि तरुण व्यक्तीलाही जिवाणूजन्य गळू होऊ शकते.

निश्चितीसाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत : रक्ताचे कल्चर, पुवाचे कल्चर आणि अमीबाविरोधी प्रतिपिंडांची तपासणी. जिवाणूजन्य गळवाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू सापडतात. पुवातून ते सापडण्याची शक्यता अधिक असते. मात्र पू थेट गळवातून घेतलेला असावा, आधीच बसविलेल्या नळीतून नव्हे. प्रतिपिंडांची तपासणी नकारात्मक आल्यास अमीबाची शक्यता बरीच कमी होते. परंतु अमीबाचा वावर असलेल्या प्रदेशात जुन्या संसर्गामुळेही ती सकारात्मक येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

रक्ताचे कल्चर शक्यतो प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी घ्यावे. आधीच तीन-चार प्रतिजैविके घेऊन आलेल्या रुग्णाच्या कल्चरमध्ये काहीही उगवत नाही आणि डॉक्टरांना अंदाजाने उपचार करावा लागतो. १ मार्च २०१४ पासून देशात लागू झालेल्या औषधांच्या एच-१ अनुसूचीत तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिने व कार्बापेनेमे यांचा समावेश आहे. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. या नियमाचा उद्देश जिवाणूंची प्रतिकारशक्ती रोखणे हा असला, तरी निदान शाबूत ठेवणे हाही त्याचा एक लाभ आहे.

सुई घालण्यापूर्वी आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. शेळ्या-मेंढ्या व कुत्री यांच्या सान्निध्यातून होणारी हायडॅटिड पुटी सोनोग्राफीत कधी कधी गळवासारखी दिसते. तिच्यात बेसावधपणे सुई घातल्यास तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया येऊ शकते. तसेच रक्त गोठण्याची क्षमता तपासून घेणेही आवश्यक असते.

उपचार

जिवाणूजन्य गळवाच्या उपचारात प्रतिजैविके आणि पुवाचा निचरा ही दोन परस्परपूरक अंगे आहेत. गळवाच्या भिंतीतून औषध आत पुरेसे पोहोचत नाही, म्हणून पू काढल्याशिवाय केवळ औषधांवर विसंबणे मोठ्या गळवात अयशस्वी ठरते. उलट, औषधाविना केवळ पू काढल्यास संसर्ग रक्तात पसरतो.

सुरुवातीला तिसऱ्या पिढीचे सेफॅलोस्पोरिन व मेट्रोनिडाझोल यांचे मिश्रण किंवा पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम शिरेतून दिले जाते. यांपैकी मेट्रोनिडाझोलसह दिलेल्या संयोगाने जिवाणू व अमीबा या दोन्ही शक्यता काही दिवस झाकल्या जातात. रुग्ण अत्यवस्थ असल्यास किंवा प्रतिरोधी जिवाणूंचा संशय असल्यास कार्बापेनेम वापरतात. कल्चरचा अहवाल आल्यावर औषध त्यानुसार बदलावे. एकूण कालावधी साधारणतः चार ते सहा आठवड्यांचा असतो. पहिला भाग शिरेतून व उर्वरित गोळ्यांच्या रूपात. सिंगापूरमध्ये झालेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत क्लेब्सिएलाच्या गळवात लवकर सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या सुरू करणे शिरेतील औषधाइतकेच परिणामकारक ठरले. भारतात मात्र या औषधाला प्रतिरोध मोठ्या प्रमाणावर असल्याने कल्चरचा आधार असल्याशिवाय तसे करता येत नाही.

साधारणपणे पाच सेंटीमीटरपर्यंतच्या गळवातील पू सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने काढता येतो. गरज पडल्यास तो पुन्हा काढावा लागतो. त्याहून मोठ्या गळवात पिगटेल नावाची वळणदार टोकाची नळी ठेवतात. निचरा दिवसाला सुमारे दहा मिलिलिटरच्या खाली आला व रुग्ण सुधारला, की नळी काढली जाते. गळू पोटात फुटल्यास, त्यात अनेक कप्पे असल्यास किंवा नळीने निचरा होत नसल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. पित्तनलिका अडलेली असल्यास दुर्बिणीद्वारे तिचा अडथळा दूर करणे अपरिहार्य ठरते.

अमीबाजन्य गळू असल्याचे निश्चित झाल्यास मेट्रोनिडाझोलचा सात ते दहा दिवसांचा क्रम पुरा करावा आणि त्यानंतर आतड्यातील अमीबा नष्ट करण्यासाठी डायलोक्सानाइड फ्युरोएट किंवा पॅरोमोमायसिन द्यावे. हा दुसरा टप्पा राहून गेल्यास रोग पुन्हा उद्भवू शकतो.

तिसरा प्रश्न : ते कोठून आले?

ताप उतरला आणि नळी निघाली, म्हणजे उपचार संपला असे नाही. पित्तखडे राहिले असतील, तर गळू पुन्हा होईल. मधुमेह यापूर्वी कधीच तपासला नसेल, तर तो याच वेळी उघडकीस येऊ शकतो. कारण न सापडलेल्या, विशेषतः क्लेब्सिएलाच्या, गळवाच्या काही रुग्णांत पुढे मोठ्या आतड्याचा कर्करोग आढळून आला आहे. म्हणून योग्य वयाच्या रुग्णांत आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सुचविली जाते. क्लेब्सिएलाच्या रुग्णाने दृष्टी अंधुक झाल्याची तक्रार केल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे.

सोनोग्राफीतील पोकळी भरून येण्यास काही आठवडे किंवा महिने लागतात. ती दिसते म्हणून घाबरण्याचे कारण नसते आणि ताप गेला म्हणून गोळ्या मध्येच थांबविण्याचेही कारण नसते. उपचाराचे मोजमाप रुग्णाची प्रकृती, भूक, वजन व रक्तातील दाहाची पातळी यांवरून करावे.

उपलब्ध सेवा व महाविद्यालयांची भूमिका

जासई परिसरातील रुग्णाला उरणचे ग्रामीण रुग्णालय, पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठे येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही ठिकाणे आवाक्यात आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाल्याने मुंबईतील जे. जे. व के. ई. एम. या रुग्णालयांकडे जाणारा रस्ताही जवळचा झाला आहे. खर्चाच्या दृष्टीने पाहता, २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. आवश्यक उपचार योजनेत बसतात किंवा कसे, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होतानाच करावी.

सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र या विषयांच्या प्राध्यापकांना हा रोग अध्यापनाचे उत्तम उदाहरण ठरू शकतो. परजीवी व जिवाणू यांतील भेद, कल्चरची पद्धत आणि औषधप्रतिरोध हे तिन्ही विषय त्यात एकत्र येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रक्तातील साखरेची तपासणी व पिण्याच्या पाण्याची तपासणी हे दोन उपक्रम घेतल्यास दोन्ही प्रकारच्या गळवांच्या मुळाशी काम होईल. गावात जाणाऱ्या विद्यार्थ्याने एवढे एक वाक्य सांगितले तरी ते उपयोगी ठरेल : आठवड्याहून अधिक ताप व उजव्या कुशीत दुखणे असल्यास सोनोग्राफी करून घ्यावी.

समारोप

यकृतातील जिवाणूजन्य गळू आज असाध्य राहिलेले नाही. सोनोग्राफी, कल्चर, प्रतिजैविके व पिगटेल नळी ही सर्व साधने जासईपासून फार दूर नाहीत. रुग्ण दगावतो तो प्रामुख्याने उशिरामुळे आणि चुकीच्या गृहीतामुळे. न उतरणाऱ्या तापात यकृताकडे पाहणे, गळू दिसल्यावर पुवाचे कल्चर करणे आणि गळू बरे झाल्यावरही त्याचे मूळ शोधणे या तीन पायऱ्या पाळल्या गेल्यास बहुतांश रुग्ण पूर्ववत आपल्या कामावर परतू शकतात.